“मी मजेत!” म्हणणाऱ्या माणसाकडे जरा नीट बघा

तुमच्या घरात, ऑफिसात किंवा मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये एक तरी माणूस असा असेल, ज्याची तुम्हाला कधीच काळजी वाटत नाही. सगळ्यांचे वाढदिवस त्याच्या लक्षात असतात. सहलीची तिकिटं तोच काढतो, कुणी ॲडमिट झालं की डबा घेऊन तोच पोहोचतो. “कसा आहेस?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “एकदम मजेत!” हा लेख वाचताना त्या एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवा.

माझ्यासाठी तो माणूस म्हणजे माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, म्हणून ताई. लग्न करून बडोद्याला गेली, तिथे एका बँकेत नोकरी करते, घरात सासूबाई, जिजू आणि चौथीतला मुलगा. मागच्या गणपतीत तिने एकटीने एकवीस उकडीचे मोदक वळले आणि आरतीचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यात सगळ्यात जोरात टाळ्या तीच वाजवतेय. तो व्हिडिओ मी नंतर खूप वेळा पाहिला. काही दिसतंय का म्हणून. काहीच दिसत नाही.

दिवाळीत भाऊबीजेला ती पुण्याला आली. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी ओट्यापाशी होतो. चकलीच्या डब्याचं झाकण पुसता पुसता ती म्हणाली, “मला ना, सात-आठ महिने झाले, कशाचीच चव लागत नाही. जेवणाबद्दल नाही बोलत मी.”

आणि मी काय म्हणाले माहितीये? “अगं, दमली असशील. चार दिवस सुट्टी घे आणि कुठेतरी फिरून ये.”

गंमत बघा, त्याच महिन्यात मी ‘मन प्रसन्न ठेवण्याचे सात सोपे उपाय’ असा लेख लिहिला होता. ताईने तो वाचून मला लाल बदाम पाठवला होता. म्हणजे ती तो लेख शोधत होती म्हणून वाचत होती, हे माझ्या डोक्यात यायला आणखी सहा आठवडे लागले.

नाव काहीही द्या, आजार खरा आहे

इंटरनेटवर याला ‘स्मायलिंग डिप्रेशन’ म्हणतात. कुणी ‘हाय फंक्शनिंग डिप्रेशन’ म्हणतं. डॉक्टरांच्या अधिकृत यादीत यातलं एकही नाव नाही, हे आधी सांगून टाकते, म्हणजे असल्या नावाच्या भलत्याच ऑनलाइन टेस्ट देत तुम्ही बसणार नाही. डॉक्टर जेव्हा तपासतात, तेव्हा यातल्या कुणाला साधं नैराश्य म्हणजे डिप्रेशन निघतं. कुणाला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ रेंगाळणारं, मंद आचेवर ठेवल्यासारखं डिप्रेशन निघतं. ते इतकं अंगवळणी पडतं की माणूस म्हणतो, “माझा स्वभावच असा आहे.” आणखी एक प्रकार आहे. त्यात चांगली बातमी आली की माणूस थोडा वेळ खरोखर खुलतो, हसतो, आणि तासाभरात पुन्हा खाली जातो. अशा माणसांना झोप येत नाही असं नसतं, उलट ती जास्तच झोपतात, जास्त खातात, आणि हातापायांना वजन बांधल्यासारखं जड वाटतं, असं सांगतात. आपल्या डोक्यात डिप्रेशन म्हणजे अंधाऱ्या खोलीत उशीत तोंड खुपसलेला माणूस. त्यामुळे हा लग्नात नाचणारा माणूस आपल्या हिशोबात बसतच नाही.

भारतात २०१५-१६ साली बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांमध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात आढळलं की साधारण वीसांतल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन झालेलं होतं, आणि डिप्रेशन, चिंता यांसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांच्या बहुतेक रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. आता तुमचा फॅमिली ग्रुप उघडा. मेंबर किती आहेत? आमच्यात त्रेचाळीस आहेत.

हे लोक लपवतात का?

मुद्दाम, ठरवून फार कमी जण लपवतात. ताईला मी नंतर हेच विचारलं. ती म्हणाली, “लपवायला काय होतं माझ्याकडे? घर आहे, नोकरी आहे, नवरा चांगला आहे, मुलगा गुणी आहे. मला काय झालंय हे मलाच सांगता आलं नसतं. कुणीतरी म्हणालं असतं, सुख बोचतंय तुला.”

हे ‘सुख बोचतंय’ आपल्या भाषेत किती सहज येतं ना! खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाला दुःखी व्हायचा जणू परवानाच नाही. पण डिप्रेशन येताना तुमचं बँक बॅलन्स बघून येत नाही. आनुवंशिकता, मेंदूतली रसायनं, संप्रेरकं, लहानपणीचे अनुभव, सततचा ताण, झोपेचं गणित, एखादा जुना शारीरिक आजार, असं पुष्कळ काही त्यात मिसळलेलं असतं. एकच कारण बोट ठेवून दाखवता येईल, असं बहुतेक वेळा होत नाही.

दुसरं म्हणजे जबाबदारीची सवय. घरातली थोरली मुलगी, एकटाच कमावणारा मुलगा, गाव सोडून दुसऱ्या राज्यात एकट्याने राहणारा इंजिनिअर, निवृत्त झालेले पण सोसायटीचा सगळा कारभार बघणारे काका. यांना मदत करायची सवय असते, मागायची नसते. पुरुषांची तर आणखीच पंचाईत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार डिप्रेशनचं प्रमाण बायकांमध्ये जास्त आहे. पण आपल्याकडच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांमध्ये दर दहा आत्महत्यांमधल्या साधारण सात पुरुषांच्या असतात. पुरुषांचं डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यातून बाहेर येत नाही. ते चिडचिडीतून, उशिरापर्यंत ऑफिसात बसण्यातून, वाढलेल्या दारूतून, गाडी बेफाम चालवण्यातून येतं. आपण त्याला ‘हल्ली फार तापट झालाय’ म्हणतो आणि सोडून देतो.

मग ओळखायचं कसं?

खरं सांगायचं तर चेहऱ्यावरून नाही. चेहरा हा अशा माणसाचा सगळ्यात तयार भाग असतो. बघायचं ते बदलाकडे. हा माणूस वर्षभरापूर्वी कसा होता आणि आता कसा आहे?

ताईच्या बाबतीत आता मागे वळून बघते तेव्हा एकेक दिसतं. ती आधी फोनवर तासभर बोलायची, मग ‘मेसेज कर ना’ म्हणायला लागली. पेटी वाजवायची, ती कपाटावर गेली. कारण विचारलं तर ‘वेळ कुठे मिळतो’. ग्रुपवर मात्र तिचे फॉरवर्ड आणि शुभेच्छा वाढल्या होत्या, म्हणजे बोलणं कमी आणि पाठवणं जास्त. रविवारी दुपारी ती झोपायची ती सहा वाजता उठायची आणि तरीही दमलेली असायची. पहाटे चारला जाग यायची, मग उगाच कणिक मळून ठेवायची. पोटात जळजळ व्हायची, मान आखडायची. या दोन्हींसाठी तिने वर्षभरात तीन डॉक्टर केले. ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, मानेचे व्यायाम मिळाले. ‘मन कसं आहे’ असं तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. आपल्याकडे मन बोलत नसलं की त्याच्या वतीने शरीर बोलतं. डोकं जड, छातीत दडपण, कंबर धरलेली, भूक मेलेली. सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही दुखणं राहतच असेल, तर मनाचाही विचार करायलाच हवा.

स्वतःबद्दल बोलतानाचे शब्दही ऐका. “मी नसले तरी कुणाचं काय अडणारे,” “सगळ्यांना माझा त्रासच होतो,” “आता कसलीच इच्छा नाही राहिली.” ही वाक्यं अशी माणसं हसत हसत, विनोद म्हणून बोलतात. आपणही हसतो.

एक उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं आहे. २०१३ हे दीपिका पदुकोणचं वर्ष होतं. ‘ये जवानी है दीवानी’, ‘चेन्नई एक्सप्रेस’, ‘राम-लीला’, एकामागून एक हिट सिनेमे. २०१४च्या सुरुवातीला तिला पोटात खोल खड्डा पडल्यासारखं, रिकामं वाटायला लागलं. ती शूटिंगला जात होती, कार्यक्रमांना हजर राहत होती. आईवडील मुंबईत तिच्याकडे आले, तेव्हाही ती ठीक असल्याचं दाखवत राहिली. ते निघायच्या वेळी मात्र तिला रडू फुटलं. आईने काय झालं, कामाचं आहे का, आणखी कशाचं आहे का, असं विचारलं. तिच्याकडे उत्तर नव्हतं. आणि हे नेहमीचं रडणं नाही, हिला डॉक्टरांची मदत हवी, हे त्या आईला कळलं. जानेवारी २०१५मध्ये दीपिकाने हे जाहीरपणे सांगितलं. मला यात स्टारपेक्षा ती आई महत्त्वाची वाटते. तिने “तुला काय कमी आहे?” असं विचारलं नाही.

विचारायचं कसं, हा खरा प्रश्न

डिसेंबरमध्ये एका रात्री मला ताईचं ते चकलीच्या डब्याजवळचं वाक्य आठवलं आणि झोप उडाली. सकाळी फोन केला. “कशी आहेस?” “मजेत!” झालं. पुढे काय बोलायचं तेच कळेना.

मग मी थोडं वाचलं, एका समुपदेशक मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, ‘कशी आहेस’ हा प्रश्नच टाक. जे पाहिलंस ते सांग आणि गप्प बस. म्हणून मी पुन्हा फोन केला आणि म्हणाले, “ताई, दिवाळीत तू मला म्हणालीस की कशाची चव लागत नाही. मी तेव्हा नीट ऐकलं नाही. ते मला आज पुन्हा सांगशील?”

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मला वाटलं फोन कट झाला. मग ती पन्नास मिनिटं बोलली.

तुम्हालाही कुणाशी असं बोलायचं असेल, तर पंगतीत, सगळ्यांसमोर नको. गाडीत, चालताना, भाजी निवडताना, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सक्ती नसते, तिथे जास्त बोललं जातं. पहिल्या वेळी समोरचा टाळेल, “काही नाही रे” म्हणेल. हरकत नाही. आठवड्याने पुन्हा विचारा. सल्ला देऊ नका, निदान पहिल्या दिवशी तरी. “सकारात्मक विचार कर,” “माझ्याकडे बघ, मी कसं सगळं सांभाळतेय,” “देवाचं कर काहीतरी,” “लग्न झालं की होईल ठीक,” ही वाक्यं प्रेमानेच बोलली जातात, पण त्यानंतर ते दार पुन्हा लवकर उघडत नाही. (मी स्वतः ‘चार दिवस फिरून ये’ म्हटलेलं असल्यामुळे हे अधिकाराने सांगतेय.)

आणि एक अवघड प्रश्न. “मरून जावं असं मनात येतं का?” हे शब्द तोंडातून काढायला भीती वाटते. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू की काय, असं वाटतं. तसं होत नाही. शांतपणे, सरळ शब्दांत विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट खाली ठेवायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. आवराआवर केल्यासारखं वागणं, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकणं, निरोप घेतल्यासारखे मेसेज, खूप अस्वस्थतेनंतर अचानक आलेली विचित्र शांतता, हे दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. आणि हा माणूस रोज ऑफिसला जातो, कामं करतो, म्हणजे धोका कमी, असंही समजायचं नाही. जिवाला धोका आहे असं वाटलं तर ११२ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात घेऊन जा.

नऊ प्रश्नांचा कागद

भलत्या टेस्ट देऊ नका म्हणाले, पण एक प्रश्नावली खरोखर कामाची आहे. तिचं नाव पीएचक्यू-९. जगभरातले डॉक्टर ती वापरतात आणि ती मराठीतही मिळते. त्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ गोष्टी विचारतात. कामात रस किंवा आनंद वाटत नाही का, उदास किंवा हताश वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा उलट बेचैनी, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. शेवटच्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल, तर बेरीज कितीही असो, भेटायलाच हवं.

पहिला प्रश्न बघितलात? रस आणि आनंद. उदासीचा नंबर दुसरा आहे. डिप्रेशन असलेला माणूस उदास दिसलाच पाहिजे असं नाही, त्याची फक्त चव गेलेली असू शकते. ताईने ओट्यापाशी नेमकं हेच सांगितलं होतं.

हा कागद म्हणजे निदान नव्हे. ताप मोजल्यासारखं आहे ते. ताप का आला ते डॉक्टर सांगतील. ताईचे सोळा आले.

डॉक्टरकडे गेल्यावर काय होतं?

जिजूंना वाटलं होतं की मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे लगेच मोठमोठ्या गोळ्या आणि आयुष्यभराचं लचांड. सासूबाईंना वाटलं होतं, लोक काय म्हणतील. ताईला वाटलं होतं, डॉक्टर म्हणतील, बाई, तुम्हाला काहीही झालेलं नाही, घरी जा. प्रत्यक्षात डॉक्टरांनी पाऊण तास नुसतं ऐकलं. मग रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर. कारण थायरॉइड मंदावलं असेल किंवा रक्त कमी असेल, तरी माणूस असाच थकलेला आणि उदास होतो, आणि मग उपचार वेगळे होतात. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली. मधल्या काळात कधी उलटं झालं होतं का, म्हणजे झोपेची गरजच वाटत नाही, डोकं भन्नाट चाललंय, पैसे उधळले, असे दिवस? हे डॉक्टरांना न विसरता सांगा. कारण तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्यात नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर त्रास वाढू शकतो.

उपचार मुख्यतः दोन, बोलण्याचे आणि औषधांचे. त्रास सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनाने भागू शकतं. मध्यम किंवा तीव्र असेल तर बहुधा दोन्ही लागतात.

गोळ्यांबद्दल घराघरात जे गैरसमज आहेत, ते आमच्याही घरात होते. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसारखं व्यसन लागत नाही. त्या पहिल्या दिवशी काम करत नाहीत, फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. गंमत म्हणजे मळमळ, डोकेदुखी असे बारीकसारीक त्रास आधी येतात आणि फायदा नंतर. त्यामुळे पुष्कळ लोक नेमकं दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. ताईही सोडणार होती. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष द्यायला हवं, कारण काहींच्या मनात त्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा जास्त काळ ती चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे प्रकार होतात.

बोलण्याच्या उपचारांबद्दल मला स्वतःला जरा शंका होती. बोलून काय होतं, असं वाटायचं. मग गोव्याची गोष्ट वाचली. तिथे ‘संगत’ नावाची संस्था आहे. त्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आला. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेल्या जवळजवळ पाचशे लोकांना त्यात घेतलं होतं. निम्म्यांना नेहमीचे उपचार, तर निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ बैठकी. या बैठकी घेणारे लोक डॉक्टर किंवा मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली स्थानिक सामान्य माणसं होती. तीन महिन्यांनी बघितलं तर बैठकी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

त्या बैठकींत करायचे काय? याची कल्पना अगदी साधी आहे. डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतो, मन लागलं की पेटी वाजवीन. मन काही लागत नाही, पेटी काही वाजत नाही, त्यामुळे मन आणखी बुडतं. इथे उलटं करतात. मन लागो न लागो, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी दहा मिनिटं पेटी काढायची. बस, दहाच. छोट्या, आधी आवडणाऱ्या कामांचं वेळापत्रक करायचं, काय केलं आणि कसं वाटलं ते लिहून ठेवायचं, आणि अडचणी एकेक करून सोडवायच्या. ताईच्या समुपदेशकांनी हेच केलं. एक गोष्ट मात्र उलटी सांगितली, काही कामं बंद करा. सोसायटीच्या कमिटीतून नाव काढा. एकवीस मोदकांतले पंधरा बाहेरून आणले तरी बाप्पा रागावत नाही. सासूबाईंना हे शेवटचं पटायला वेळ लागला.

खर्चाची आणि अंतराची काळजी असेल, तर आधी एक नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा. १४४१६. ही केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फोन मोफत, चोवीस तास, आणि वीस भाषांत सोय आहे, त्यात मराठीही आहे. बाहेरच्या राज्यांत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे मी मुद्दाम सांगतेय. ताई गुजराती फाडफाड बोलते, बँकेत दिवसभर हिंदी-इंग्रजी चालतं, पण ‘उगाच भरून येतं’ हे तिला दुसऱ्या कुठल्याही भाषेत सांगता आलं नसतं, असं ती म्हणते. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग असतो, केसपेपरच्या पैशांत तपासणी होते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण द्यावं, असंही त्यात आहे. आपल्या पॉलिसीत नेमकं काय आहे ते एकदा एजंटला विचारून घ्या.

तो माणूस तुम्हीच असाल तर?

इथपर्यंत वाचताना तुम्हाला दुसरं कुणीच आठवलं नसेल आणि घशाशी काहीतरी दाटून आलं असेल, तर हे तुमच्यासाठी.

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकाला सांगा. तोंडाने जमत नसेल तर मेसेज लिहा. “मी ठीक दिसतोय पण ठीक नाहीये. उपाय नको, फक्त माझ्याबरोबर डॉक्टरकडे येशील का?” एवढं पुरे. किंवा हा लेखच पाठवा आणि खाली लिहा, “हे वाच, माझ्याबद्दल आहे.” घरच्यांपैकी कुणाला सांगणं शक्य नसेल तर थेट १४४१६. डॉक्टरसमोर गेल्यावर मात्र सवयीने हसून “तसं काही विशेष नाही” म्हणू नका. त्या दहा मिनिटांत अर्धे लोक असंच करतात असं मला त्या समुपदेशक मैत्रिणीने सांगितलं, म्हणून ताईने घरूनच कागदावर लिहून नेलं होतं. चार वाजता जाग येते. पेटी बंद. मुलाच्या गॅदरिंगला टाळ्या वाजवल्या, पण काही वाटलं नाही. हे तिसरं वाक्य तिने डॉक्टरांना वाचूनच दाखवलं, बोलता आलं नसतं.

घरातल्यांनी काय करायचं, हे आम्ही चुकतमाकत शिकलो. जिजू आधी रोज विचारायचे, “आज बरं वाटतंय ना?” त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं तिला जड जायचं, म्हणून ती पुन्हा ‘हो’ म्हणायला लागली. म्हणजे पुन्हा नाटक सुरू. आता ते विचारत नाहीत, संध्याकाळी चप्पल घालून दारात उभे राहतात आणि दोघं कमाटीबागेत वीस मिनिटं चालून येतात. मुलाला सांगितलंय की आईच्या मनाला बरं नाहीये, जसं तुला ताप येतो तसं, आणि औषध चालू आहे. त्याने एकच विचारलं, “माझ्यामुळे नाही ना?” मुलं हा प्रश्न विचारतातच. कधी कधी ती मोठ्याने विचारत नाहीत, म्हणून तुम्ही आपणहून सांगा.

ताईचे उपचार सुरू होऊन आता सहा महिने झाले. सरळ रेषेत काही झालेलं नाही. फेब्रुवारीत वाटलं झालं सगळं, मार्चएंडिंगला बँकेत कामाचा डोंगर आला आणि पुन्हा ती दोन आठवडे चारला उठत होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं, घाबरू नका, गोळी चालू ठेवा. मागच्या पीएचक्यूला सात आले. पेटी कपाटावरून खाली आलीय, अजून दहा मिनिटांच्या वर वाजत नाही.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे होते. सकाळी विचारलं, “कशी आहेस?” तोंड वाकडं करून म्हणाली, “आज काही खास नाही. झोप झाली नाही नीट, आणि ही पोह्यांत साखर कुणी घातली गं एवढी? काय हे!”

साखर मीच घातली होती. बडोद्याला सगळेच घालतात ना!